माजी विद्यार्थी संघ आणि ते चालविणारी माणसे

विद्यापीठाची पदवी हाती पडली की विद्यार्थ्याचे आणि विद्यापीठाचे नाते संपले, असे आपल्याकडे बहुधा गृहीत धरले जाते. गुणपत्रिकेची दुय्यम प्रत किंवा स्थलांतर प्रमाणपत्र हवे असेल तेव्हाच काय तो पदवीधर पुन्हा विद्यापीठाच्या खिडकीशी येतो. वस्तुतः माजी विद्यार्थी हा विद्यापीठाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत स्थिर असा घटक होय. शिकणारी मुले तीन-चार वर्षांनी बदलतात, प्राध्यापक निवृत्त होतात, कुलगुरूंची मुदत पाच वर्षांत संपते. पदवीधर मात्र जन्मभर त्या विद्यापीठाचाच पदवीधर राहतो. या घटकाला संघटित रूप देणारी संस्था म्हणजे माजी विद्यार्थी संघ. संघाच्या वार्षिक स्नेहमेळाव्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत प्रसिद्ध होतात. परंतु वर्षभर पत्ते कोण जुळवितो, हिशेब कोण लिहितो, आलेल्या पत्रास उत्तर कोण देतो, याची विचारपूस क्वचितच होते. मोठ्या उत्साहाने स्थापन झालेले अनेक संघ थोड्याच वर्षांत निस्तेज होतात, त्याचे मूळ या उपेक्षेत आहे.

एका लहान महाविद्यालयाचा प्रसंग

माजी विद्यार्थी संघांची परंपरा अमेरिकेत सर्वांत जुनी आहे, आणि तिचा प्रारंभ देणग्या गोळा करण्याच्या हेतूने झालेला नाही, ही गोष्ट मुद्दाम ध्यानात घेण्यासारखी आहे. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, डोंगराळ भागात, विल्यम्सटाउन या लहान गावी १७९३ मध्ये विल्यम्स महाविद्यालय सुरू झाले. गाव आडवळणी होते. महाविद्यालय तेथून हलवून अधिक सोयीच्या नदीखोऱ्यात न्यावे, असा एक पक्ष निर्माण झाला. राज्याच्या विधिमंडळाने त्यास मान्यता दिली नाही. तेव्हा १८२१ मध्ये खुद्द अध्यक्ष झेफनाया स्विफ्ट मूर हे पद सोडून ॲमहर्स्ट येथील नव्या संस्थेचे प्रमुख म्हणून गेले आणि काही विद्यार्थीही त्यांच्यामागे गेले. महाविद्यालय आता बंद पडणार, अशी बोलवा उठली. त्याच वर्षीच्या पदवीदान समारंभास जमलेल्या जुन्या विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन संघ स्थापन केला. आजही अस्तित्वात असलेल्या अशा संघांमध्ये तो सर्वांत जुना मानला जातो. आपली संस्था आपल्या जागी टिकावी, एवढाच त्या मंडळींचा उद्देश होता, आणि संस्था टिकली. कमी पटसंख्येमुळे ज्यांच्या भवितव्याची चिंता वाहिली जाते अशा आपल्याकडील ग्रामीण महाविद्यालयांच्या चालकांना या प्रसंगात आपलेपणा वाटल्यावाचून राहणार नाही.

येल येथे त्याही पूर्वी, १७९२ पासून, वर्गवार संघटनेची पद्धत रूढ होऊ लागली होती. एका वर्षी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांचा तो एक वर्ग, आणि त्या वर्गाचा एक चिटणीस. कोण कोठे आहे, कोणाचे लग्न झाले, कोण निवर्तले, याची नोंद त्याने ठेवावयाची. वरकरणी हे काम क्षुल्लक वाटते. पण पुढे उभी राहिलेली सारी इमारत याच नोंदवहीच्या पायावर उभी आहे. येल येथे १८९० मध्ये जेव्हा माजी विद्यार्थ्यांकडून दरवर्षी थोडी थोडी वर्गणी घेण्याचा निधी सुरू झाला, तेव्हा पत्रे कोणास पाठवावीत, हा प्रश्नच उद्भवला नाही. मधल्या काळात, १८६५ मध्ये, हार्वर्डच्या निरीक्षक मंडळाचे सदस्य निवडण्याचा अधिकार तेथील पदवीधरांना मिळाला होता. म्हणजे ओळखपाळख प्रथम, कारभारात वाटा नंतर आणि पैसा त्याहीनंतर, असा तेथील स्थूल क्रम दिसतो. आपल्याकडे पुष्कळदा पहिल्या पत्रातच पावतीपुस्तक जोडलेले असते.

गावोगावच्या शाखांनी, म्हणजे तेथे ज्यांना क्लब म्हणतात त्यांनी, केलेली कामेही साधीच आहेत. हार्वर्डच्या क्लबांनी १९१० मध्ये एक प्रघात पाडला : आपल्या परिसरातील माध्यमिक शाळेत शेवटच्या वर्षाच्या अलीकडच्या वर्गात शिकणाऱ्या गुणी विद्यार्थ्यास एक पुस्तक बक्षीस द्यावयाचे. खर्च एका पुस्तकाचा. परंतु त्या निमित्ताने क्लबाचा एक सदस्य शाळेत जातो, शिक्षकांशी बोलतो, आणि दूरच्या विद्यापीठाचे नाव त्या शाळेतील मुलांच्या कानी पडते. याच धर्तीवर प्रवेशेच्छू विद्यार्थ्यांच्या मुलाखती त्यांच्याच गावी घेण्याचे कामही अनेक विद्यापीठांचे माजी विद्यार्थी विनावेतन करीत आले आहेत.

स्वयंसेवक आणि पगारी सेवक

काम वाढले तेव्हा केवळ हौसेवर ते चालेना. मिशिगन विद्यापीठाच्या संघाने १८९७ मध्ये पूर्णवेळ पगारी सचिव नेमला. पुढे १९१३ मध्ये ओहायो राज्यातील कोलंबस येथे अशा सचिवांची स्वतंत्र संघटनाच स्थापन झाली. येथून माजी विद्यार्थ्यांशी संबंध राखणे हा एक व्यवसाय बनला, आणि त्याबरोबर एक नवा ताणही उत्पन्न झाला. तो आजही सर्वत्र दिसतो.

स्वयंसेवकाजवळ आपुलकी असते, ओळखी असतात. वेळ मात्र उरलासुरला असतो. पगारी सेवकाजवळ कार्यालय असते, दप्तर असते, ठरलेली वेळ असते. पण पदवीधरांच्या दृष्टीने तो परका असतो. वर्गमित्राने केलेल्या दूरध्वनीस जो प्रतिसाद मिळतो तो कार्यालयाच्या परिपत्रकास मिळत नाही. उलट, वर्गमित्राने गोळा केलेल्या रकमेची पावती दोन महिने मिळाली नाही, तर ओशाळवाणे व्हावे लागते ते त्या वर्गमित्रास, लिपिकास नव्हे. स्वयंसेवक तुटतात ते बहुधा अशाच कारणांनी. म्हणून पावती, आभाराचे पत्र, पत्ता बदलल्याची नोंद आणि खर्चाचा हिशेब ही चार कामे कार्यालयाची. आणि माणसे शोधणे, बोलाविणे, गाऱ्हाणी ऐकणे हे स्वयंसेवकाचे, अशी वाटणी आरंभीच लेखी करून ठेवणे हिताचे ठरते. टपाल, प्रवास व दूरध्वनी यांचा खर्च स्वयंसेवकास परत मिळावा. श्रमदान करणाऱ्याने पदरमोडही करावी, ही अपेक्षा न्याय्य नाही.

दुसरी व्याधी एकाच माणसावर विसंबण्याची. एखादे निवृत्त प्राध्यापक वा उत्साही व्यापारी पंधरा-पंधरा वर्षे संघाचा गाडा ओढतात. सर्व पत्ते त्यांच्या वहीत, सर्व चेहरे त्यांच्या स्मरणात. ते थकले की संघही थकतो. चिटणिसाबरोबर सहचिटणीस असावा आणि पुढील मुदतीत त्यानेच चिटणीस व्हावे, एवढा एक नियम पाळला तरी हा धोका पुष्कळ टळतो.

मुंबईची दोन उदाहरणे

महाराष्ट्रात या कामाचा सर्वांत विस्तृत नमुना पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत पाहावयास मिळतो. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत माजी विद्यार्थ्यांच्या संबंधांसाठी स्वतंत्र अधिष्ठाता आहेत, पगारी कर्मचारी आहेत, स्वतंत्र माजी विद्यार्थी संघ आहे, आणि शिकत असलेल्या विद्यार्थ्यांचाही एक कक्ष याच कामी गुंतलेला असतो. अमेरिकेतील माजी विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये तेथे वेगळा निधी स्थापन केला. १९७८ च्या सुमारास येथून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतलेले श्री. नंदन निलेकणी यांनी २०२३ मध्ये ३१५ कोटी रुपये दिले, ही वार्ता सर्वांच्या वाचनात आली. परंतु संघटनेच्या अभ्यासकास त्याच वर्षअखेरची दुसरी घटना अधिक बोधप्रद वाटेल. १९९८ मध्ये उत्तीर्ण झालेल्या वर्गाने रौप्यमहोत्सवी संमेलनाच्या वेळी ५७ कोटी रुपयांचा संकल्प जाहीर केला, आणि त्यात दोनशेहून अधिक जणांचा सहभाग होता. एका दात्याकडे संस्थाप्रमुख स्वतः जाऊ शकतात. देशोदेशी पांगलेल्या दोनशे वर्गबंधूंकडे वर्गबंधूच जाऊ शकतो.

मुंबईतीलच रसायन तंत्रज्ञान संस्था १९३३ मध्ये विद्यापीठाचा एक विभाग म्हणून सुरू झाली व २००८ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. या संस्थेस २०२५ मध्ये तिचे माजी विद्यार्थी श्री. मुकेश अंबानी यांनी आपले गुरू प्रा. मनमोहन शर्मा यांच्या सांगण्यावरून १५१ कोटी रुपये गुरुदक्षिणा म्हणून दिले. विभागाचे नाव बदलले, स्वरूप बदलले. ऋणानुबंध राहिला तो शिक्षकाशी.

तीन भिन्न गोष्टी

पदवीधरांच्या संदर्भात तीन गोष्टींची सर्रास गल्लत होते. विधान परिषदेचा पदवीधर मतदारसंघ ही राज्यघटनेने केलेली तरतूद होय. ७८ सदस्यांच्या महाराष्ट्र विधान परिषदेत अशा सात जागा आहेत. विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी निवडून जातात, ते महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ अन्वये. आणि त्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते. माजी विद्यार्थी संघ ही तिसरी, सर्वस्वी ऐच्छिक संस्था. तथापि २०१६ च्याच अधिनियमाने महाविद्यालय विकास समितीवरील चार स्थानिक सदस्यांपैकी किमान एक जण माजी विद्यार्थी असावा असे म्हटले आहे. तालुक्याच्या ठिकाणी तर हा माजी विद्यार्थी पंचायतीचा सदस्य, शिक्षक किंवा शेतकरी असण्याचा संभव अधिक. ही जागा नावापुरती न भरता संघाच्या सभेत नाव सुचवून भरली, तर संघाला काम आणि समितीला आधार मिळेल.

संघाची नोंदणी संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान सात सदस्यांनी करता येते, आणि सार्वजनिक हेतूमुळे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय कार्यालयाकडेही ती करावी लागते. येथवर बहुतेक संघ येतात. घोटाळा होतो तो पुढे. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांच्या आत बदल अर्ज, म्हणजे व्यवहारात ज्याला चेंज रिपोर्ट म्हणतात तो, दाखल करावयाचा असतो. तो राहून गेला की दहा वर्षांपूर्वीचीच नावे कागदोपत्री कायम राहतात. त्यांतील कोणी परगावी, कोणी दिवंगत. मग बँक सही स्वीकारीत नाही आणि दोन गट आपणच खरा संघ असे म्हणू लागतात.

परदेशस्थ पदवीधरांच्या देणगीबाबतही सावधगिरी हवी. भारतीय पारपत्र कायम असलेल्या अनिवासी भारतीयाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठविलेली रक्कम विदेशी अंशदान ठरत नाही. त्याच वर्गातील ज्याने अन्य देशाचे नागरिकत्व घेतले आहे त्याची रक्कम मात्र तशी ठरते. त्यासाठी २०१० च्या कायद्याखाली अनुमती लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनुसार ती रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेतील खात्यातच यावी लागते. लहान संघांनी या फंदात न पडता परदेशस्थ मित्रांकडून पुस्तके, मार्गदर्शन आणि वेळ मागावा, हेच सोयीचे.

तालुक्याचे महाविद्यालय

ग्रामीण महाविद्यालयांत या कामासाठी वेगळा सेवक क्वचितच असतो. एखाद्या प्राध्यापकावर अध्यापनाखेरीज समन्वयकपदाचा भार टाकला जातो. नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाची विचारणा होऊ लागल्यापासून संघ स्थापन झाले खरे, पण समिती यावयाची असली की नोंदवही उघडते आणि ती गेली की मिटते. त्या प्राध्यापकाचे आठवड्यातील दोन तास कमी करून ते या कामास दिले आणि कार्यालयातील एका लिपिकाकडे नोंदवही सोपविली, तर वेगळा खर्च न करताही पुष्कळ साधते. सातारच्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९४७ मध्ये रुजविलेली ‘कमवा आणि शिका’ ही कल्पना आज अनेक ठिकाणी चालते. त्या योजनेतील एका विद्यार्थ्याचा एका महिन्याचा भार एका जुन्या वर्गाने उचलावा, असे छोटे व मोजता येणारे काम संघापुढे असले तर वर्गणी मागताना संकोच वाटत नाही.

नोंदवहीचा आरंभ मात्र स्नेहमेळाव्यात होत नाही. विद्यार्थी दाखला घेण्यासाठी खिडकीशी येतो, तीच योग्य वेळ. त्याच वेळी एक छापील पत्रक त्याच्याकडून भरून घ्यावे. ही माहिती संघाच्या कामासाठी वापरण्यास त्याची संमती त्यावरच घ्यावी, कारण २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्याने तसे बंधन घातले आहे. दूरध्वनीचा क्रमांक बदलतो, वसतिगृहाचा पत्ता वर्षभरात निरुपयोगी होतो. म्हणून पत्रकावर मूळ गाव, तालुका आणि वडिलांचे वा आईचे नाव अवश्य असावे. दहा वर्षांनी तो पदवीधर कोठे आहे हे विचारावयाचे झाल्यास त्या गावचे पोस्टमन किंवा शाळेचे मुख्याध्यापक बहुधा सांगू शकतात.