आराम खरा, कारण खोटे



भडगाव तालुक्यात कापसाची वेचणी सुरू झाली की घरोघरी एक तक्रार ऐकू येते : कंबरेत उसण भरली. मग कोणी सुचवितो, 'पायाळू माणसाची लाथ लावून घ्या.' कोणी चोळणाऱ्याकडे नेतो. तो अंगठ्याने दाबतो व म्हणतो, 'नस नसेवर चढली होती, मी उतरवली.' बाईला बरे वाटते. घरचे म्हणतात, 'बघा, गुण आला की नाही?'

आजच्या पाठात दोन गोष्टी वेगळ्या करावयाच्या आहेत. गुण आला, ही एक. तो का आला याचे सांगितलेले कारण, ही दुसरी. पहिली खरी असली म्हणून दुसरी खरी ठरत नाही.

उसण बहुधा काही दिवसांत वा आठवड्यांत आपोआप कमी होते. चौथ्या दिवशी लाथ लावली, पाचव्या दिवशी पाठ मोकळी झाली, की श्रेय लाथेला मिळते. जन्मावरून माणसाची योग्यता ठरते, हे आपण नाकारले. मग जन्मताना पाय आधी आले म्हणून पायात गुण उतरतो, हे कसे मानावे?

नसा एकमेकींवर चढत नाहीत. बहुधा स्नायू आखडलेला असतो. चोळल्याने तो सैलावतो व काही काळ वेदना कमी जाणवते. मणक्यांमधील गादी 'सरकत' नाही. ती वरखालच्या मणक्यांना घट्ट जोडलेली असते. ती फुगते किंवा फाटते, पण अंगठ्याने जागी बसत नाही. सांधा ओढल्यावर होणारा कडकन आवाज हाड बसल्याचा नव्हे. २०१५ साली कॅनडातील संशोधकांनी बोटाच्या सांध्याचे एमआरआय चित्रण केले. आवाजाच्या क्षणी सांध्यातील द्रवात वायूची पोकळी तयार होताना दिसली. तेल चोळून अंगातले 'विष'ही निघत नाही. ते काम यकृत व मूत्रपिंडे करतात.

आराम मिळाला, मग कारणाची चिकित्सा कशाला, असे तुम्ही विचाराल. खोटे कारण पुढच्या वेळी घात करते म्हणून! पाय बधिर झाला, लघवी अडली, ताप आला किंवा पडल्यानंतर पाठ दुखू लागली, तर 'नस अजून उतरली नाही' म्हणत दिवस घालवू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. मोडलेल्या हाडावर करकचून बांधलेली पट्टी रक्त अडविते; त्यात हातपाय गमवावा लागतो.

तथागतांनी कालामांना हेच शिकविले : परंपरेने चालत आले म्हणून, किंवा सांगणारा आदरणीय आहे म्हणून, काही स्वीकारू नका. तपासून पाहा.

चोळणारे काका-मावशी आपलेच असतात. त्यांचा उपहास करू नका. त्यांच्या हातातले कसब खरे आहे. त्यांना एवढेच विनवा : 'चोळल्याने थोडा आराम पडेल, एवढेच सांगा. ठाऊक नसलेले कारण सांगू नका.' चौथे शील असत्य वचनापासून दूर राहावयास सांगते. रोग्याशी बोलतानाही ते सुटत नाही.

घरी चर्चेसाठी :
१. आपल्या घरी कोणता 'गुण' आपोआपच आला असता?
२. कोणती लक्षणे दिसताच चोळणे थांबवून दवाखान्यात जावे?