वाट चुकलेले मूल : न्यायालयाऐवजी समाजाचा आधार

भुसावळ हे मध्य रेल्वेचे मोठे जंक्शन, तर धुळे हे मुंबई-आग्रा महामार्गावरील मोक्याचे शहर. घरातून रागावून निघालेले, शाळा चुकवून भटकणारे किंवा पोटासाठी हात पसरणारे मूल अशा ठिकाणी आढळते. हेच वर्तन प्रौढ माणसाने केले, तर घर सोडले म्हणून त्याला कोणी अपराधी ठरवीत नाही. मग बालकालाच तो शिक्का का लागावा?

कायद्याची वाटचाल

मुंबई बालक अधिनियम १९२४ मध्ये झाला व १९४८ मध्ये त्याची जागा नव्या अधिनियमाने घेतली. या व्यवस्थेत निराधार मूल आणि गुन्हा केलेले मूल या दोघांनाही एकाच बालन्यायालयापुढे उभे राहावे लागे. १९८६ च्या केंद्रीय अधिनियमाने ही दोन दारे वेगळी केली. संयुक्त राष्ट्रांच्या १९९० च्या रियाध मार्गदर्शक तत्त्वांनीही, प्रौढाच्या बाबतीत जे कृत्य गुन्हा नाही ते बालकाच्या बाबतीतही गुन्हा ठरू नये, असे सांगितले.

आज २०१५ चा बाल न्याय अधिनियम लागू आहे. त्यानुसार घर सोडलेले, रस्त्यावर राहणारे वा भीक मागणारे मूल हे 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक' होय. त्याचा विचार बाल कल्याण समिती करते. चोरी, मारहाण यांसारख्या प्रकरणांतील बालक बाल न्याय मंडळापुढे जाते. परंतु तेथेही शक्यतो न्यायालयीन कारवाई टाळावी आणि संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय मानावा, हीच अधिनियमाची तत्त्वे आहेत.

प्रत्यक्ष कार्यपद्धती

समजा, सातपुड्यातील एका पाड्यावरचे कुटुंब ऊसतोडीसाठी गुजरातेत गेले. मागे राहिलेला बारा वर्षांचा मुलगा शाळा सोडून स्थानकावर आला. त्याला कोठडीत ठेवता येत नाही. प्रवासाचा वेळ वगळता २४ तासांच्या आत त्याला समितीपुढे हजर करावे लागते. सामाजिक चौकशी १५ दिवसांत पूर्ण होऊन चार महिन्यांच्या आत अंतिम आदेश व्हावा, अशी तरतूद आहे. कुटुंबाकडे सोपविणे, देखरेख, समुपदेशन किंवा बाल संगोपन योजनेचा आधार असे मार्ग समितीपुढे असतात.

गावाची जबाबदारी

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. न्यायालय टाळणे म्हणजे प्रकरण दडपणे नव्हे. मुलाने घर का सोडले, हे न विचारता त्याला मारकुट्या बापाच्या हाती परत देणे हा अन्यायच होय. एकट्या सापडलेल्या मुलाची माहिती २४ तासांत न कळविणे हा अधिनियमान्वये अपराध आहे. १०९८ या क्रमांकावर ती कळविता येते.

शिक्षकांनी सततच्या गैरहजेरीमागील कारण शोधावे. स्थलांतरित मुलाला शाळा सोडल्याच्या दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही, हे ध्यानी ठेवावे. सरपंचांच्या अध्यक्षतेखालील ग्राम बाल संरक्षण समितीने स्थलांतराच्या हंगामापूर्वीच मागे राहणाऱ्या मुलांची यादी करून त्यांच्या भोजनाची व निवाऱ्याची सोय पाहावी.

मूल स्थानकावर पोहोचण्यापूर्वीच गावाने त्याची विचारपूस केली, तर पोलीस, समिती व संस्था यांची पायरी चढण्याची वेळ बहुधा त्याच्यावर येणार नाही.