घाटाचा उतार आणि स्वयंचलित गिअर

सुरत शहर तापी नदीच्या मुखाजवळ सपाट भूमीवर वसलेले आहे. शहरात उड्डाणपूल पुष्कळ आहेत. परंतु त्यांवरील अल्प चढ-उतार सोडल्यास मोटार शिकणाऱ्यास तेथे खऱ्या उताराची ओळख होत नाही. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत कापडधंद्यातील कामासाठी खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. दिवाळीस, आखाजीस आणि लग्नसराईत ही मंडळी गावी जातात. पूर्वी ताप्ती व्हॅलीची आगगाडी आणि एस. टी. एवढीच साधने होती. आता अनेक घरांत स्वतःची मोटार आली आहे, आणि शहरातील गर्दीत वारंवार क्लच दाबण्याचा त्रास वाचावा म्हणून स्वयंचलित गिअरची मोटार घेण्याकडे कल वाढला आहे. ही मोटार बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, विसरवाडी असा मार्ग आक्रमून कोंडाईबारीच्या घाटाशी येते. सुरतेहून जाताना तेथे चढ लागतो, परतताना उतार. चालकाची खरी परीक्षा परतताना होते.

हाताने गिअर बदलावयाची गाडी चांगली की स्वयंचलित, हा वाद चहाच्या टपरीवर रंगतो खरा, पण तो बराचसा निरर्थक आहे. सपाट रस्त्यावर दोन्ही गाड्या सारख्याच सुखाने जातात. प्रश्न निर्माण होतो तो उतारावर, आणि तो समजण्यासाठी थोडे गणित करावे लागते.

माणसे व सामान धरून मोटारीचे वजन १२०० किलोग्रॅम आहे आणि ती घाटातून उभ्या मापाने १०० मीटर खाली उतरते, असे धरू. या उतरण्यात सुमारे ११ लाख ७६ हजार जूल इतकी ऊर्जा मोकळी होते. गाडीचा वेग वाढू द्यावयाचा नसेल तर ही ऊर्जा कोठे तरी खर्ची पडली पाहिजे. काही भाग हवेच्या व टायरच्या विरोधात जातो. उरलेली सर्व ब्रेकवर टाकली तर ब्रेकच्या तबकड्या तापतात. शिक्षकांनी वर्गात हे उदाहरण अवश्य घ्यावे: एवढ्या उष्णतेने ३० अंश तपमानाचे चार लिटर पाणी उकळीस येईल. घाट तीनशे मीटरांचा असेल तर बारा लिटर. ही सारी उष्णता पुढील चाकांमागील दोन लहान तबकड्यांना आणि मागील चाकांच्या ब्रेकना सोसावी लागते.

ब्रेक एका मर्यादेपलीकडे तापले की दोन गोष्टी घडतात. पॅडची घर्षणशक्ती कमी होते, म्हणजे पाय तितकाच दाबला तरी गाडी पूर्वीसारखी आवरत नाही. दुसरी गोष्ट अधिक घातक आहे. ब्रेकमधील तेल हवेतील ओलावा शोषून घेते. जुन्या तेलात हा ओलावा साचलेला असल्याने ते लवकर उकळते. त्यात वाफेचे बुडबुडे झाले की पायाखालचे पेडल मऊ लागते आणि खाली जाते. सुरतेच्या दमट हवेत ब्रेकचे तेल ठराविक मुदतीत, साधारणतः दोन वर्षांनी, बदलण्याची शिफारस यासाठीच पाळावयाची असते. बहुतेक मालक एंजिनाचे तेल न चुकता बदलतात आणि हे विसरतात.

या उष्णतेचा भार हलका करण्याचे काम एंजिन करू शकते. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि गाडी गिअरमध्ये ठेवली, की चाके एंजिनाला फिरवू लागतात. एंजिन तेव्हा शक्ती देण्याऐवजी ती गिळते. लहान गिअरमध्ये चाकांच्या एका फेऱ्यामागे एंजिनाला अधिक फेरे घ्यावे लागतात, म्हणून त्याचा विरोधही अधिक. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम यावरच आधारलेला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १५ हा चालकाच्या परीक्षेविषयी आहे. उतारावर गाडी त्वरेने लहान गिअरमध्ये आणता यावी, अशी अपेक्षा त्यात स्पष्ट शब्दांत नमूद आहे. चाचणीच्या मार्गावर चढावर गाडी थांबवून पुन्हा नेण्याची कसोटी घेता येते. घाटाचा लांब उतार मात्र तेथे उभारता येत नाही.

इंधन वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची सवय ग्रामीण भागात आजही दिसते. ती सोडावयास हवी. आजच्या इंजेक्शन पद्धतीच्या एंजिनात गाडी गिअरमध्ये असून ॲक्सिलरेटर सुटलेला असेल, तर इंधनाचा पुरवठाच बंद होतो. उलट न्यूट्रलमध्ये एंजिन चालू ठेवण्यापुरते इंधन जळतच राहते. एंजिन बंद करून गाडी सोडणे तर आत्मघातच होय, कारण काही वेळा ब्रेक दाबल्यावर त्याला मिळणारे साहाय्य संपते आणि पेडल दगडासारखे घट्ट होते.

आता स्वयंचलित गिअरकडे वळू. जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर याने १९०५ साली जहाजांसाठी द्रवाच्या साहाय्याने शक्ती पोहोचविणाऱ्या यंत्रणेचे पेटंट घेतले. अमेरिकेत ओल्ड्समोबिल कंपनीच्या १९४० च्या मोटारींत ‘हायड्रामॅटिक’ नावाचा स्वयंचलित गिअर आला. भारतात मात्र ही सोय दीर्घकाळ महागड्या गाड्यांपुरती राहिली. २०१४ साली मारुती सुझुकीच्या सेलेरिओ मोटारीत हातगिअरच्याच पेटीला क्लच दाबणारी व गिअर बदलणारी यंत्रणा जोडण्यात आली, आणि त्यानंतर ही सोय मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आली.

अशा मोटारीचा दांडा ‘डी’वर ठेवला की गिअरची निवड यंत्र करते. यंत्र ती निवड मुख्यतः गाडीचा वेग आणि ॲक्सिलरेटरवरील पायाचा दाब पाहून करते. उतारावर पाय सुटलेला असतो व वेग वाढत असतो. साध्या यंत्रणेला यावरून वाटते की एंजिनावर भार नाही, म्हणून ती मोठा गिअर घालते. म्हणजे एंजिनाचा विरोध जेव्हा सर्वाधिक हवा तेव्हाच तो कमी होतो. काही नव्या गाड्यांना उतार ओळखता येतो, पण आपली गाडी तशी आहे असे गृहीत धरू नये. यंत्राला समोरचे वळण दिसत नाही. ते चालकाला दिसते. यास्तव उतार सुरू होण्यापूर्वीच, वेग कमी असताना, चालकाने निवड आपल्या हाती घ्यावी. दांड्याजवळ ‘एल’ किंवा ‘२’ असे अक्षर वा अंक असतो, अथवा अधिक-उणे चिन्हे असतात. उणे चिन्हाकडे दांडा ढकलला की गिअर एक पायरी खाली येतो. ही खूण गाडीत कोठे आहे हे घरासमोर उभे असतानाच पाहून ठेवावे. ब्रेक लागतोच, पण तो सतत दाबून ठेवू नये. वेग उतरेपर्यंत ठाम दाबावा आणि सोडावा, म्हणजे तबकड्यांना थंड होण्यास अवसर मिळतो.

चढावरही एक सावधगिरी हवी. द्रवाच्या साहाय्याने चालणारी जुन्या धाटणीची स्वयंचलित गाडी ब्रेक सोडताच हळूहळू पुढे सरकते. सेलेरिओसारख्या पद्धतीत आत खरा क्लचच असतो. त्यामुळे चढावर गाडी मागे घरंगळू शकते. ती केवळ ॲक्सिलरेटरवर रोखून धरली तर क्लच जळतो. हातब्रेक लावून धरणे हाच त्यावर उपाय.

विजेच्या मोटारीत बहुधा गिअर बदलण्याचा प्रश्न नसतो. उतारावर तिची मोटर जनित्र बनून बॅटरी भरते आणि गाडी आवरली जाते. परंतु भरलेल्या बॅटरीत आणखी वीज मावत नाही. सुमारे एक हजार मीटर उंचीवरील सापुताऱ्यास रात्री मुक्काम करून, बॅटरी पूर्ण भरून, सकाळी लगेच शामगहानकडे उतरू लागल्यास हा विरोध क्षीण झालेला आढळतो. तेथे बॅटरी थोडी रिकामी ठेवणेच शहाणपणाचे.

कायद्याच्या एका बाजूकडेही लक्ष वेधले पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये दुचाकीसाठी गिअरसह व गिअरविना असे दोन वर्ग आहेत. हलक्या मोटारीसाठी असा भेद नाही. ब्रिटनमध्ये स्वयंचलित गाडीवर परीक्षा दिलेल्यास तीच चालविता येते. आपल्याकडे सुरतेत केवळ स्वयंचलित गाडीवर शिकलेला तरुण त्याच अनुज्ञप्तीवर गावी काकांची हातगिअरची गाडी घाटात नेऊ शकतो. म्हणून प्रथम हातगिअरच्या गाडीवर काही आठवडे शिकणे हितावह. जो हातगिअरवरून स्वयंचलित गाडीकडे येतो त्याने डावा पाय पूर्ण मोकळा ठेवावा. क्लच समजून तो ब्रेकवर आदळला की मागची गाडी अंगावर येते.

इतके करूनही उतारावर जळका वास आला किंवा पेडल मऊ लागले, तर क्षणही न दवडता गिअर एकेक पायरी खाली आणावा, पेडल वारंवार दाबावे, हातब्रेक हळूहळू ओढावा आणि गाडी दरीकडे नव्हे, डोंगराच्या बाजूस घ्यावी. ती थांबल्यावर प्रथम हातब्रेक, मग दांडा ‘पी’वर, आणि उताराच्या बाजूने चाकांपुढे दगड. ब्रेक निवण्यास वेळ द्यावा. घाईने त्यांवर पाणी ओतू नये, कारण एकाएकी थंड झालेली तबकडी वाकते. ब्रेक निवल्यानंतरही पेडल खाली जात असेल तर गाडी तेथेच ठेवून मदत मागवावी.