प्राणायाम आणि पंप : पावसाळ्यातला अभ्यास





मागच्या गुरुवारच्या वाचनानंतर आपल्या कुटुंब-गटांवर एकच प्रश्न चार-पाच जणींनी वेगवेगळ्या शब्दांत विचारला. "ताई, रोज प्राणायाम करतेय, आता दम्याचा पंप बंद केला तर चालेल का?" एका घरात तर विचारण्याआधीच पंप कपाटात गेला होता. फिरत फिरत आलेला कुठलातरी निरोप वाचून मावशींनी तसं ठरवलं. मग आषाढातल्या एका रात्री भर पावसात त्यांना जांबोटीवरून बेळगावला न्यावं लागलं. मावशी आता बऱ्या आहेत, आणि हे सगळ्यांना सांगा असं त्यांनीच आम्हाला सांगितलं. म्हणून या वेळचा अभ्यास जरा वेगळा ठेवला आहे.

आधी सरळ उत्तर देतो. पंप बंद करायचा नाही. प्राणायामही बंद करायचा नाही. दोन्ही कसं चालवायचं, ते पुढे बघू.

आपल्या गावचा पावसाळा बाहेरच्या लोकांना सांगून कळत नाही. मलप्रभेचा उगम आपल्या माउलीच्या देवळापाशी, समुद्रसपाटीपासून सुमारे ७९० मीटरवर. घाटमाथा असल्याने समुद्रावरून आलेले ढग पहिल्यांदा आपल्यावरच रिते होतात. चार महिने कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशी येते, लाकडं ओली राहतात. गॅस बहुतेक घरांत आला, तरी अंघोळीचं पाणी आणि भाकरी चुलीवरच. बुरशी आणि ओल्या लाकडाचा धूर, दम्याच्या माणसाला त्रास द्यायला एवढं पुरतं. तेव्हा आपल्याकडे श्वासाचा अभ्यास हा नुसता मनःशांतीचा विषय नाही, छातीचाही आहे.

आता प्राणायामाने नेमकं होतं काय? बहुतेक जण म्हणतात, "जास्त ऑक्सिजन मिळतो." हे आपल्या मराठी माणसानेच फार पूर्वी तपासून पाहिलं. स्वामी कुवलयानंद, मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू केलं. साधकांना यंत्रं लावून, क्ष-किरण काढून, श्वासातली हवा मोजून त्यांनी प्रयोग केले. प्राणायामाचा मोठेपणा जास्त ऑक्सिजन मिळण्यात नाही, असंच त्यांचं म्हणणं पडलं. श्रद्धा असूनही मोजून बघायचं, ही त्यांची वृत्ती आम्हाला फार आवडते. गुरूंवर विश्वास ठेवणं आणि आलेला प्रत्येक निरोप खरा मानणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही सांगून टाकतो.

मग फायदा कुठे आहे? तो श्वास सोडण्यात आहे. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना किंचित कमी होतात. मनगटावर नाडी धरून बसा, थोड्या सवयीने हा फरक तुम्हालाही जाणवेल. श्वास सोडणं लांबलं, की शरीराला विश्रांतीकडे नेणाऱ्या नसांचं काम वाढतं. मोठ्या माणसाचा श्वास स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा चालतो. रागावलो, घाबरलो की आणखी वेगाने. तो हळूहळू सहा-सात वर आणता आला, की मन आपोआप खाली बसतं. झोप लागायला मदत होते, सुनेला काही बोलायच्या आधी दोन क्षण मिळतात. (सासूला बोलायच्या आधीही. नियम दोन्हीकडे सारखा.)

दम्यासाठी याचा उपयोग होतो का? होतो, आणि त्याचा चांगला पुरावा आपल्याच राज्यातला आहे. बेंगळुरूच्या डॉ. आर. नागरत्ना आणि डॉ. एच. आर. नागेंद्र यांनी दम्याच्या ५३ रुग्णांना दोन आठवडे आसनं, श्वसनाचे व्यायाम, प्राणायाम, ध्यान असं शिकवलं आणि रोज ६५ मिनिटं करायला सांगितलं. तेवढ्याच रुग्णांचा दुसरा गट नुसत्या औषधांवर होता. १९८५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे छापून आलं. योग करणाऱ्यांचे दम्याचे झटके कमी झाले, औषधंही कमी लागली. इथे क्रम नीट लक्षात घ्या. आधी श्वास सुधारला, मग औषध कमी लागलं. कपाटात गेलेल्या पंपाच्या बाबतीत हा क्रम उलटा झाला होता.

पंपाबद्दलही थोडं समजून घेऊ, कारण त्याची भीती फार आहे. "एकदा लागला की सुटत नाही" असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. दम्यात श्वासनळ्या आतून सुजतात आणि आवळतात. एका प्रकारचा पंप रोज घ्यायचा असतो, तो सूज उतरवतो. दुसरा त्रास झाल्यावर आवळलेली नळी मोकळी करतो. रोजचा पंप बंद केला की त्याच दिवशी काही होत नाही, म्हणून "बघा, काही झालं नाही" असं वाटतं. सूज मात्र आत हळूहळू वाढत असते.

गंमत म्हणजे पंप घेणं हासुद्धा श्वासाचाच अभ्यास आहे. नेहमीचा फवाऱ्याचा पंप असेल तर आधी श्वास पूर्ण सोडायचा, मग दाबताना सावकाश आत घ्यायचा, मनात दहा मोजेपर्यंत धरायचा, मग सोडायचा. पूरक, कुंभक, रेचक, दुसरं काय! अनेकांचं औषध घाईमुळे तोंडात आणि घशातच राहतं. ज्याला सावकाश श्वास घेता येतो त्याचं औषध छातीपर्यंत पोचतं. भुकटीचा पंप असेल तर मात्र श्वास जोरात ओढावा लागतो. आपला कोणता आहे ते डॉक्टरांना विचारून घ्या.

आता प्रत्यक्ष अभ्यास. सुरुवात झोपून करा. बी. के. एस. अय्यंगार गुरुजींना लहानपणीच्या आजारपणांनी इतकं अशक्त केलं होतं, की प्राणायाम त्यांना सहज जमला नाही, वर्षं घालवावी लागली. पुढे नवख्यांना प्राणायाम आडवं होऊन शिकवण्यावर त्यांनी भर दिला. त्यांचं आपल्या भागाशी नातं आहे. १९३६ च्या सुमारास ते आपले गुरू कृष्णम्माचार्य यांच्याबरोबर धारवाडकडे आले होते, तिथेच त्यांनी बायकांना शिकवायला सुरुवात केली. बेळगावला सिव्हिल सर्जन असलेल्या डॉ. गोखले यांच्यामुळे १९३७ मध्ये ते पुण्याला गेले आणि तिथलेच झाले.

एक जाड चादर लांबट घडी करून पाठीच्या कण्याखाली ठेवा, डोक्याखाली छोटी उशी. दोन मिनिटं काहीच करू नका, श्वास कसा चाललाय ते नुसतं बघा. मग मनात चार मोजत नाकाने आत, सहा मोजत बाहेर. चार-सहा जड वाटलं तर दोन-तीन करा. धाप लागली, डोकं हलकं झालं, तर सोडून द्या आणि साधा श्वास घ्या. पाच मिनिटं पुरेत. श्वास रोखून धरायचा नाही. ग्रंथांतलं एकास चार कुंभकाचं प्रमाण हे समोर शिकवणारा असताना करायचं काम आहे, फोनवर वाचून करायचं नाही.

आठ-दहा दिवस हे जमलं की बसून अनुलोम-विलोम. नाकाचं हाड दाबायचं नाही, खालच्या मऊ भागाला बोट टेकलं तरी पुरतं. संध्याकाळी दिवा लावल्यावर भ्रामरी करा, मुलांनाही आवडते. २००२ मध्ये स्वीडनच्या संशोधकांना दिसलं, की गुणगुणताना नाकातून बाहेर येणारा नायट्रिक ऑक्साइड हा वायू साध्या श्वासापेक्षा पंधरापट वाढतो. नाकाच्या आजूबाजूच्या पोकळ्यांतली हवा त्या कंपनाने खेळती होते. सर्दीने डोकं जड झालेल्यांनी करून बघावं. नाक अगदीच चोंदलं असेल तर त्या दिवशी सुट्टी.

कपालभाती सगळ्यांसाठी नाही. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया असलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि पाळीच्या दिवसांत ती करू नये. दम्याच्या माणसाला जोराच्या श्वासाने उलट खोकल्याची उबळ येऊ शकते.

आणखी एक गोष्ट, बायकांसाठी. चढ चढताना, रोपलावणीला वाकून उठताना धाप लागते तेव्हा आपण वय झालं म्हणतो. अंगात रक्त कमी असलं तरीही अशीच धाप लागते, आणि कितीही अनुलोम-विलोम केलं तरी हिमोग्लोबिन वाढत नाही. ते तपासून घ्या, सरकारी आरोग्य केंद्रातही होतं. छातीत दाब, पायांना सूज, रात्री झोपेतून उठवणारी धाप असेल तर थांबू नका, लगेच दाखवा.

अभ्यासाची जागा आणि वेळ मात्र घराप्रमाणे ठरवा. स्वयंपाकघरात नको. पहाटे चूल पेटायच्या आधी, पडवीला लागून असलेल्या कोरड्या खोलीत, पोट रिकामं असताना. पुढच्या दोन दिवसांची लाकडं चुलीशेजारी रचून ठेवली की ती वाळतात, धूर बराच कमी होतो. भिंतीची बुरशी पुसायला दम्याच्या माणसाला लावू नका, घरातल्या दुसऱ्याने नाकाला फडकं बांधून पुसावी.

पुढच्या गुरुवारी बैठकीला येताना ज्यांच्याकडे पंप आहे त्यांनी तो घेऊन या. गावच्या आरोग्य सेविका ताई येणार आहेत, त्या प्रत्येकीला घ्यायची पद्धत दाखवतील. मावशीही येणार आहेत, आपला पंप घेऊन.