इतर हक्कांचा रकाना

पुणे,
आषाढ शुद्ध एकादशी

चि. भाचीस मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र परवा पोहोचले. जुन्या महसुली दप्तराच्या छायाप्रती यंत्राकडून वाचवून घेण्याच्या प्रकल्पाची धुरा तिशीच्या आतच तुझ्यावर सोपविण्यात आली, ही वार्ता वाचून तुझ्या आईइतकाच आनंद मलाही झाला. परंतु पत्राच्या शेवटी, सहज म्हणून लिहावा तसा, जो प्रश्न तू लिहिला आहेस, की जे काम शिकण्यात मामाचे उभे आयुष्य गेले ते कृत्रिम बुद्धिमत्ता डोळ्यांदेखत करून दाखवीत असता आम्ही आता शिकावे तरी काय, तो प्रश्न दोन दिवस माझ्या मनातून हालत नाही. म्हणून हे लांबलचक पत्र.

मी या व्यवसायात शिरलो तो कोबॉल भाषेच्या दारातून. १९९८ साली सीप्झमधील एका कचेरीत आम्ही पंधरावीस जण रात्रपाळीला बसून परदेशी बँकांच्या आज्ञावली वाचीत असू. संगणकाची स्मृती सोन्याच्या मोलाची होती त्या काळात वर्षाचे चार अंक न ठेवता शेवटचे दोनच ठेवण्याची काटकसर कोणी तरी केली होती, आणि २००० साल उजाडताच यंत्र त्या दोन शून्यांचा अर्थ १९०० असा करील व व्याजाचे, विम्याचे, मुदतीचे सारे हिशेब कोलमडतील, या भयाने ती काटकसर ओळीओळीने शोधून काढण्याचे काम आमच्याकडे आले होते. मूळ लिहिणारे बहुतेक निवृत्त झालेले, काही दिवंगत. त्यांच्या मनात काय होते ते त्यांच्या लिखाणावरूनच ओळखावे लागे. दुसऱ्याने लिहिलेले संशयाने आणि तरीही आदराने वाचण्याची जी सवय मला त्या दोन वर्षांत लागली, तीच पुढे माझी खरी विद्या ठरली.

त्यानंतर सरकारी कामाकडे वळलो आणि एका तालुक्याच्या सातबाऱ्यांच्या संगणकीकरणाचे नेतृत्व माझ्याकडे आले. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख आणि गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद, एवढे तू जाणतेसच. पण त्या कागदावर सर्वांत दाटीवाटीने लिहिलेला जो ‘इतर हक्क’ हा रकाना, त्याच्याकडे तू अजून निरखून पाहिलेले नसशील. खातेदार कोण, क्षेत्र किती, पोटखराबा किती, आकारणी किती, हे ठसठशीत लिहून झाल्यावर सोसायटीचा बोजा, कुळाचे नाव, विहिरीतील हिस्सा, वहिवाटीची वाट, आणि फार वेळा घरातील बहिणींची व विधवांची नावे या रकान्यात जागा मिळेल तशी कोंबलेली असत. त्या रकान्यासाठी संगणकात किती अक्षरांची जागा ठेवावी हे मी ठरविले. शंभरदीडशे उतारे चाळून, बहुतेक नोंदी ज्या लांबीत बसत होत्या तेवढीच जागा मी नेमून दिली. त्यापुढील अक्षरे यंत्र मुकाट्याने गाळीत असे. ज्याने दोन वर्षे परक्यांच्या दोन अंकांच्या काटकसरीचे परिमार्जन केले होते, त्यानेच ही काटकसर केली, हे लिहिताना आजही मला लाज वाटते.

चाचण्यांत मात्र काहीच निघाले नाही. क्षेत्राची बेरीज आठ-अच्या खातेउताऱ्याशी जुळली, आकारणी पैपर्यंत जुळली, कारण इतर हक्कांना बेरीज नसते. मुदत टळत चालली होती, वरून तगादा होता, आणि अशा वेळी एका गावच्या वयोवृद्ध तलाठी भाऊसाहेबांनी हट्ट धरला की छापील उतारे चावडीवर वाचून दाखविल्याशिवाय मी सही करणार नाही. मला तो कालापव्यय वाटला, तरी गेलो. चैत्रातील दुपार होती, चावडीचे पत्रे तापले होते, आणि भाऊसाहेब एकेक गट क्रमांक घेऊन सावकाश, प्रत्येक नावापाशी थांबून वाचीत होते. एका गटाचे वाचन आटोपून ते पान उलटणार, इतक्यात खांबाला टेकून बसलेली एक म्हातारी म्हणाली, “भाऊसाहेब, माझं नाव ऱ्हायलं.” त्यांनी हस्तलिखित पान काढले. त्यांचे बोट रकान्यावरून खाली सरकत गेले: सोसायटीचे कर्ज, दोन फेरफार क्रमांक, विहिरीचा चौथा हिस्सा, आणि अगदी तळाशी, समासाला लागून, फिक्या पडलेल्या निळ्या शाईत तिचे नाव व पोटगीचा हक्क. छापील उताऱ्यात ‘विहिरी’ या अक्षरांपाशीच मजकूर तुटला होता. त्यानंतर आम्ही सबंध तालुक्याची दप्तरे पुन्हा काढली. जी नावे तुटलेली सापडली त्यांत बायकांचीच फार होती. पुढे २०१७ साली राज्यभर चावडीवाचनाची मोहीम निघाली आणि लेखनप्रमाद महसूल अधिनियमाच्या १५५व्या कलमाखाली दुरुस्त होऊ लागले, तेव्हा मला त्या खांबाशेजारची जागा आठवत राहिली.

आता तुझ्या यंत्राविषयी. २०१७ साली ट्रान्सफॉर्मर नावाची रचना प्रसिद्ध झाली, २०२२च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी सर्वांच्या हाती आले, आणि त्या वंशातील यंत्रे अफाट मजकूर पचवून एका शब्दापुढे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचा अंदाज बांधण्यात विलक्षण निपुण झाली. हस्ताक्षर वाचणारे यंत्रही पुसट अक्षरापाशी याच संभवाचा आधार घेते. त्याची गती व सफाई पाहून मी स्तिमित होतो आणि ती नाकारण्याचा करंटेपणा तू कदापि करू नकोस. परंतु चुकीचा स्वभाव बदलला आहे, हे ध्यानात ठेव. आमच्याकडे नोंदी करणाऱ्या मुलांच्या चुका चुकांसारख्या दिसत. नावात एखादे अक्षर दोनदा पडे, दशांशचिन्ह सरकून गुंठ्यांची हेक्टरे होत, आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांत ते खुपे. यंत्राची चूक शुद्धलेखनासकट निर्दोष असते. ज्या गावात निम्मी घरे एकाच आडनावाची, तेथे वाळवीने खाल्लेल्या आडनावाच्या जागी ते तेच आडनाव सुबकपणे लिहील, आणि बहुधा ते बरोबरही असेल. ज्या एका पानावर चुकेल, ते पान गावात एकट्या असलेल्या घराचे असेल. ज्याचे नाव गावाला पाठ आहे त्याची जमीन कागदावाचूनही त्याचीच राहते. कागद ठेवायचा तो ज्याचे नाव सांगायला दुसरे कोणी नाही त्याच्याकरिता, आणि संभवाचा कौल नेमका त्याच्याच विरुद्ध जातो.

म्हणून कंत्राटदाराच्या मसुद्यात हे लेखी घाल की जे वाचता आले नाही ते ‘वाचता येत नाही’ असेच नोंदले जावे, रिकामी जागा भरण्याची मुभा यंत्राला नाही. शंभरांत अमुक इतके अचूक असे कोणी सांगू लागले तर उरलेल्यांत कोण आहेत ते विचार. नुसती सोडतीने काढलेली पाने तपासून समाधान मानू नकोस. इतर हक्कांचे रकाने, कुळांच्या नोंदी, फाटकी व डागाळलेली पाने, १ आणि ९ यांचा भेद न लागणारे अंक, ही सारी वेगळी काढून माणसांच्या डोळ्यांखालून घाल. नोंदणीचे काम करणारी जी मुले आज तुझ्याकडे आहेत त्यांचे जुने काम जाईल, हे मी तुझ्यापासून लपवीत नाही. त्यांतील तीक्ष्ण नजरेची मुले पडताळणीवर घे, आणि त्यांच्या पगाराची तरतूद अंदाजपत्रकात आत्ताच कर, कारण वर्षअखेरीस ती कोणी करू देणार नाही.

आणि शिकावे काय, हा तुझा मूळ प्रश्न. आयबीएमच्या ओएस/३६० या प्रचंड कामाचे नेतृत्व केलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ साली लिहून ठेवले की रखडलेल्या कामावर माणसे वाढविली तर ते अधिकच रखडते, कारण नव्याला समजावून देण्यात जुन्याचा वेळ खर्ची पडतो. तुझे वरिष्ठ म्हणतील की यंत्र आले, तो खर्च वाचला. पण माझ्यावर कोणी तरी तो वेळ खर्च केला म्हणूनच मी तयार झालो; भाऊसाहेबांनी एका तिसऱ्या प्रहरी मला फेरफार वाचायला शिकविला तोही त्याच खर्चापैकी होता. तुझ्या हाताखालच्या नवशिक्यांना आरंभीचे सहा महिने रोज दहा पाने हाताने उतरावयास लाव, आणि त्यांच्याबरोबर तूही उतर. ज्याने स्वतः कधी नोंद केली नाही, त्याला यंत्राच्या नोंदीतील खोट दिसणार नाही.

एका गोष्टीची मात्र मला फार आशा आहे. मोडीतील दप्तरे कपाटांतून पडून आहेत. शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, आणि वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तेथे यंत्राने पहिले वाचन करून द्यावे आणि जाणत्याने ते तपासावे, असे झाले तर कित्येक घराण्यांचे व गावांचे कागद प्रथमच बोलू लागतील. तुला सवड होईल तेव्हा मोडी शिक, मी शिकवीन.

त्या म्हातारीचे नाव ज्या पानावर होते त्याची जुनी झेरॉक्स मी अद्याप जपून ठेवली आहे, ती सोबत पाठवीत आहे. तुझ्या यंत्राला ती वाचावयास दे आणि तळाची ओळ ते काय वाचते, हे मला उलटटपाली कळव.

ताईस माझा नमस्कार सांग. कळावे.

तुझा,
मामा