मळहाताची ओळख

मुलांनो, एखाद्या वृद्ध शेतकऱ्यास त्याच्या शेताविषयी विचारून पाहा. पाणी कोठे साचते, बांध कोठे फुटतो, हे तो बसल्या जागी सांगेल. त्याला शेताची खडान्‌खडा माहिती आहे, असे आपण म्हणतो. इंग्रजी भाषेत हाच आशय निराळ्या रीतीने व्यक्त होतो. 'मी हे माझ्या मळहातासारखे जाणतो,' असे इंग्रज मनुष्य म्हणतो.

मळहातच का? लिहिताना, जेवताना, काम करताना तो सदैव डोळ्यांसमोर असतो. लंडन येथे काळी टॅक्सी चालविणाऱ्यास शहराच्या मध्यापासून सहा मैलांच्या आतील सुमारे २५,००० रस्ते मुखोद्गत करून कठीण परीक्षा द्यावी लागते. त्याच्या ज्ञानास हा वाक्प्रचार शोभतो.

आपल्याकडे संस्कृतातून आलेला 'हस्तामलकवत्' हा शब्द आहे. हस्त म्हणजे हात व आमलक म्हणजे आवळा. तळहातावरील आवळ्याप्रमाणे जे स्वच्छ कळले, ते हस्तामलकवत्. दोहोंतील भेद मात्र ध्यानात घ्या. आवळा आपण फिरवून पाहतो. मळहात नुसता दिसतो.

नुसते दिसणे पुरेसे असते काय? लंडनमधील संशोधकांनी २०१० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी काही माणसांचा हात फळीखाली झाकला आणि बोटांची टोके व सांधे कोठे असतील, ते फळीवर दाखविण्यास सांगितले. त्या खुणांवरून जो हात तयार झाला, त्याची बोटे खऱ्यापेक्षा आखूड व पंजा अधिक रुंद होता! आपल्या हाताशी जुळणारे चित्र निवडताना मात्र त्यांची अशी चूक झाली नाही. म्हणजे ओळखणे निराळे आणि जाणणे निराळे.

माणसांच्या बाबतीतही असेच घडते. 'आई आता काय म्हणणार, ते मला ठाऊक आहे,' असे समजून आपण तिचे बोलणे अर्ध्यावर तोडतो. बहुधा आपला तर्क खरा ठरतो. परंतु ज्या दिवशी तिला काही वेगळे सांगावयाचे असते, त्या दिवशी ते ऐकावयाचे राहून जाते. म्हणून परिचयाच्या माणसाचे बोलणेही शेवटपर्यंत ऐकावे.

शब्दार्थ : मळहात – तळहाताची पाठीमागची बाजू, मुखोद्गत – तोंडपाठ, आशय – मनातील अर्थ.

स्वाध्याय
१. 'मळहातासारखे जाणणे' व 'हस्तामलकवत्' यांतील भेद सांगा.
२. 'ओळखणे निराळे आणि जाणणे निराळे' हे लेखकाने कोणत्या प्रयोगावरून दाखविले आहे?
३. आपल्या शाळेच्या दाराचे न पाहता वर्णन लिहा. नंतर दाराशी जाऊन ते ताडून पाहा.