शोक, श्रद्धा आणि पंडिता रमाबाई

यंदा दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली तेव्हा आमच्या वर्गातील एका विद्यार्थ्याची जागा काही दिवस रिकामी होती. त्याचे वडील अल्पशा आजाराने निवर्तले होते. पुढे तो येऊ लागला तेव्हा एके दिवशी तास संपल्यावर मी त्यास जवळ बोलाविले आणि अशा प्रसंगी शिक्षकाच्या तोंडी जे शब्द आयते असतात तेच उच्चारले : धीर धर, प्रभूची इच्छा, सारे बऱ्यासाठीच होते. मुलगा विनयशील, त्याने मान खाली घालून सर्व ऐकून घेतले. दाराशी गेल्यावर मात्र वळून विचारले, "सर, बऱ्यासाठी म्हणजे कोणाच्या?"

मला उत्तर सुचले नाही. वीस वर्षे अध्यापन करून, शुभवर्तमानाचे धडे इतक्या मुलांना दिल्यावरही सुचले नाही, याची लाज वाटली. त्या रात्री मी पंडिता रमाबाईंचे चरित्र पुन्हा वाचावयास घेतले. विद्यार्थिमित्रांनो, बाईंचे नाव तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचले आहे. शारदा सदन, मुक्ती सदन ही नावे परीक्षेपुरती पाठही केली असतील. परंतु त्या संस्थांच्या मागे किती मृत्यू उभे आहेत, हे आपण सहसा मोजीत नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये असे लोक म्हणत असता त्यांनी पत्नी लक्ष्मीबाई हिला ते शिकविले, आणि मातेने कन्येला. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराण सांगत गावोगाव हिंडू लागले. जे द्रव्य मिळे ते दानधर्मात वेचले जाई. रमाबाई सुमारे सोळा वर्षांच्या असता मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला, तेव्हा या विद्वान कुटुंबाजवळ विकावयास काही उरले नव्हते, आणि अंगमेहनतीची सवय कोणासच नव्हती. तिरुपतीजवळच्या रानात अकरा दिवस व अकरा रात्री पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर त्यांनी काढल्या. तेथेच वडील खंगले व गेले. थोड्याच आठवड्यांनी आई गेली. पाठोपाठ थोरली बहीणही.

आईच्या मृत्यूची हकीकत बाईंनी स्वतः लिहून ठेविली आहे, आणि ती एकदा वाचल्यावर विसरता येत नाही. परक्या गावी या दरिद्री कुटुंबाचे प्रेत उचलण्यास कोणी पुढे येईना. शेवटी दोन ब्राह्मणांना दया आली. ते दोघे, भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई अशा चौघांनी ते उचलले. रमाबाईंची उंची इतरांपेक्षा कमी; खांद्याला खांदा मिळेना. म्हणून आपल्या वाट्याचा भार त्यांनी डोक्यावर घेतला आणि दूरच्या स्मशानापर्यंत नेला.

यानंतर उरलेली दोन भावंडे पायी हिंदुस्थान हिंडली. पंजाबात झेलमच्या काठी थंडीने जीव जाऊ लागला तेव्हा वाळूत खड्डे खणून, मान तेवढी बाहेर ठेवून, अंगावर वाळू ओढून ती रात्र काढीत. १८७८ साली ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची विद्वत्ता पाहून त्यांस 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. मानसन्मान आला, अन्नवस्त्राची चिंता मिटली. आणि १८८० साली श्रीनिवास वारला. त्याच वर्षी बाईंनी बिपिन बिहारी मेधावी या वकिलांशी विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीचा अंत झाला. बाईंस तेव्हा चोविसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

आता येथे उपदेशकाचा मोह आवरला पाहिजे. या दुःखांनी बाई तत्काळ ख्रिस्ताकडे वळल्या, असे सांगणे सोयीचे आहे. पण ते खरे नाही. आईबापांच्या मरणाने त्यांची जुनी श्रद्धा ढासळली, परंतु तिच्या जागी नवी लगेच आली नाही. वैधव्यानंतर त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली. १८८३ मध्ये लेकीला घेऊन इंग्लंडास गेल्या. तेथे भगिनीमंडळाच्या एका आश्रमात समाजाने टाकलेल्या स्त्रियांची शुश्रूषा होताना त्यांनी पाहिली. अशा स्त्रियांवर माया करावी हे यांना कोणी शिकविले, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखविण्यात आला : विहिरीवर पाण्यास आलेली शोमरोनी स्त्री, आणि तिच्याजवळ पाणी मागणारा येशू. दाराबाहेर ठेविलेल्या माणसाजवळ जाऊन बसणारा हा प्रभू बाईंस आपला वाटला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी व मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

तरीही त्यांचा प्रवास संपला नव्हता. पुष्कळ वर्षांनी आपली साक्ष लिहिताना बाईंनी प्रांजळपणे कबूल केले की, बाप्तिस्म्याच्या वेळी आपणांस ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, ख्रिस्त स्वतः मिळाला नव्हता. मनाची खरी शांती त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आली. मला हे वाक्य फार मोलाचे वाटते. आपण शोकाकुल माणसाला आठ दिवसांची मुदत देतो. तेवढ्यात त्याने डोळे पुसले नाहीत, तर त्याच्या विश्वासाविषयी आपण कुजबुजू लागतो. लाजाराच्या कबरेपाशी प्रभू स्वतः रडला, हे आपण वाचतो खरे. पण त्यावरून काही शिकत नाही.

मग श्रद्धेने बाईंस दिले काय? वैद्यकी शिकण्याचा त्यांचा मानस बहिरेपणामुळे सिद्धीस गेला नाही, आणि श्रद्धेने ते कान बरे झाले नाहीत. गेलेले कोणी परत आले नाही. जे मिळाले ते १८९६-९७ च्या दुष्काळात दिसून आले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस उघडलेले शारदा सदन तेव्हा पुण्यास आले होते. मध्य प्रांतात माणसे किड्यामुंग्यांसारखी मरत असल्याच्या वार्ता येऊ लागल्या. जवळ पैसा नव्हता. मित्रमंडळींची मदत पुरेल अशी खात्री नव्हती. परंतु हाडांचे सापळे झालेल्या त्या मुलींची वर्णने वाचताना बाईंस तिरुपतीचे रान आठवले. आपण स्वतः उपाशी मेलो नाही, याचा काही अर्थ असला तर तो हाच, असे त्यांच्या मनाने घेतले. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते. म्हणून केडगाव येथे घेतलेल्या शेतात त्यांची सोय लावली. तेच पुढे मुक्ती सदन झाले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील मुलीबायांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, छापखाना, सर्व काही त्यांनाच शिकविले गेले. कारण श्रम न शिकल्यामुळे आपले आईबाप गेले, हे बाई कधीच विसरल्या नव्हत्या.

कोणी म्हणेल, म्हणजे या मुली वाचाव्यात म्हणून देवाने अनंतशास्त्र्यांच्या घरावर दुष्काळ आणला. मला असे म्हणवत नाही. तीनशे लेकींसाठी एका मुलीचे आईबाप हिरावून घेणारा हिशेब मला शुभवर्तमानात आढळत नाही. मला आढळतो तो असा पिता, जो घडलेल्या दुःखाचा एक तुकडाही वाया जाऊ देत नाही. या दोहोंतला भेद बारीक वाटेल, पण माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न नेमका त्या भेदावरच उभा होता.

श्रद्धेनंतरही बाईंच्या वाट्याला शोक आलाच. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. पतीमागे उरलेली एकुलती एक लेक, आईच्या कामाचा उजवा हात, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी गेली. बाई तेव्हा बायबलाचे मराठी भाषांतर करीत होत्या. अशिक्षित बायांनाही कळावे म्हणून सोप्या मराठीत ते करावयाचे, आणि त्यासाठी उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकावयाच्या, असा त्यांचा निश्चय होता. मनोरमेनंतरही त्या मुद्रिते तपाशीत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ च्या पहाटे त्यांनी देह ठेविला, तेव्हा भाषांतराचे काम पुरे झाले होते. ते संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. माझ्या आजीजवळ त्याची एक प्रत होती. तिला वाचता येत होते ते तेवढेच एक पुस्तक.

हे चरित्र मी त्या विद्यार्थ्यास वाचावयास दिले. आपल्या शाळेत निरनिराळ्या धर्मांची मुले शिकतात, तसा तोही ख्रिस्ती घरातील नव्हे. म्हणून देताना मी काही बोललो नाही. तीन आठवड्यांनी त्याने पुस्तक परत केले. श्रद्धेविषयी तो काहीएक बोलला नाही. एवढेच विचारले, "सर, ते जे दोन ब्राह्मण मदतीला आले, त्यांची नावे काय होती?"

मी म्हणालो, "मला ती कोठे आढळली नाहीत."

तो थोडा वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "बाबांना खांदा द्यायला आले, त्यांतल्या दोघांना आम्हीही ओळखत नव्हतो. आई म्हणते, त्यांना शोधून काढले पाहिजे." आणि पुढच्या रविवारी शोधावयास जाताना बरोबर याल का, असे त्याने मला विचारले. आम्ही गेलो. एक जण सापडला. स्टेशनाजवळ सायकली दुरुस्त करतो. दुसऱ्याचा शोध अजून चालू आहे.